पलीकडच्या कोपऱ्यातला वाटाणा

मुलुंडमध्ये त्या काळी 'गो' हा जपानी खेळ येणारा मी एकमेव माणूस होतो, आणि मलाही तो येत नव्हता.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. आमच्या कारखान्यात जपानी मशिनं आली आणि त्यांच्या मागोमाग ओगावासाहेब आले. इन्स्पेक्शन, म्हणजे माल बारीक नजरेने तपासायच्या, खात्यातल्या एकाला ते सहा महिने जपानला नेणार अशी बातमी फुटली. म्हणजे मी किंवा परब. (खात्यात आम्ही दोघंच होतो.) जपानसाठी मी इतका उतावीळ झालो होतो की स्वप्नात बर्फ पडायचा! साहेबांना गोचं वेड आहे हे कळताच मी भर कँटीनमध्ये जाहीर केलं, "गो? आय प्ले!" साहेबांनी आनंदाने माझा हात धरला तो सोडेचनात. शेवटी रविवारी जेवायला या, असं म्हणावंच लागलं. परबलाही बोलावलं, माझा विजय बघायला कोणीतरी हवं म्हणून.

आता माझं ज्ञान. माझा मामा जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. त्याने कोबेहून एक इंग्रजी चोपडं आणलं होतं, त्यावर मी पोसलो होतो. खेळ तसा सोपा. रेघांच्या फुल्यांवर एकाने काळे, दुसऱ्याने पांढरे खडे ठेवायचे, दुसऱ्याचा खडा चहूबाजूंनी घेरला की उचलायचा, आणि शेवटी ज्याने जास्त जागा अडवली तो जिंकला. (मुंबईकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही!) सुरुवात कोपऱ्यातून, कारण तिथे दोन भिंती आयत्या मिळतात. त्या कोपऱ्यात शत्रू असा आला तर तसं उत्तर द्यायचं, तसा आला तर असं. ही सगळी उत्तरं चोपड्यात नंबरवार होती आणि मी ती पाढ्यांसारखी घोकली होती. प्रत्येक उत्तराखाली बारीक अक्षरात काहीतरी 'जर-तर' लिहिलेलं असायचं. बारीक अक्षर मी शाळेपासूनच ऑप्शनला टाकतो.

पट म्हणून जुन्या कपाटाचं दार घेतलं आणि त्यावर टी-स्क्वेअरने झकास रेघा मारल्या. खडे कुठून आणणार? पण मालवणी घरात काळे वाटाणे आणि पांढरे वाटाणे असतातच! मी दोन्ही डबे उचलले तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे मेल्या, वाटाणे काय खेळाचे असतत?"

"जपानचा प्रश्न आहे गं!"

"मगे जपानातसून घेवन ये ना वाटाणे!"

साहेब आले, मांडी घालून बसले. पांढरे त्यांचे, काळे माझे. मी माझ्या हाताशी असलेला कोपरा धरला. साहेबांनी एक पांढरा वाटाणा ठेवला तो थेट तिरक्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात. मग ते माझ्या कोपऱ्यात शिरले. मी डोळे मिटून सतरावं उत्तर ठोकलं.

साहेब थबकले. "शुअर?"

"व्हेरी शुअर!"

सतराव्या उत्तरात शिडी असते. म्हणजे शत्रूचा खडा पळतो, आपण अडवतो, तो वळतो, आपण पुन्हा अडवतो. असं नागमोडी पळत पळत तो पटाच्या पार तिरक्या टोकाला जातो आणि तिथे कडेला अडकून सगळी रांगच्या रांग मरते. झकास उत्तर! फक्त त्या वाटेवर त्याचाच एखादा खडा आधीपासून बसलेला नसावा. असला तर पळणारे त्याला जाऊन मिळतात, निसटतात, आणि पाठलाग करणाऱ्याची वाट लागते. (हेच ते बारीक अक्षर.)

परबला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तो म्हणाला, "अन्या, तो तिकडचा पांढरा मध्ये येणार नाही का रे?"

"परब, तू सरबत पी!" मी मान वर न करता म्हणालो.

सरबत खरंच आलं होतं. आई कोकम सरबताचे ग्लास ठेवून गेली. आमची शिडी चाललीच होती. पांढरा, काळा, पांढरा, काळा! पटाच्या मध्यावर साहेबांनी एकदा पलीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. घाबरला बिचारा, असं मला वाटलं. मला त्याची दयासुद्धा आली! साहेब निमूटपणे कडेपर्यंत पळाले आणि मेले. मी ओंजळभर पांढरे वाटाणे उचलले आणि ओरडलो, "जितं मया!"

"थांब यार," परब म्हणाला, "तो पांढरा गेला कुठे?"

"कुठला पांढरा?"

"कोपऱ्यातला. सरबत यायच्या आधी होता ना!"

आतून आईचा आवाज आला, "तो? तो मी उचललंय! एकटोच थय सांडलेलो. अन्न ता, कोणाच्या पायाक लागात म्हणान डब्यात टाकलंय!"

जपानचा बर्फ वितळायला लागला. ओंजळीतले वाटाणे घरभर पसरले. साहेबांना वाटणार, आईला हाताशी धरून लबाडी केली! मी त्यांच्यापुढे हात जोडले. "सर, आय नॉट सी! मदर प्रॉमिस!" आणि मदर एव्हाना बाहेर आलीच असल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की तो वाटाणा गेलेला मला अजिबात, मुळीच, काडीचाही दिसला नाही.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आय बिलीव्ह यू," ते अगदी मायेने म्हणाले. "तो तिथे होता, तेव्हाही तुम्हाला दिसला नव्हता."

मग ते काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा मागून जेवले, आईला वाकून नमस्कार करून गेले, आणि सोमवारी नोटीस बोर्डावर परबचं नाव लागलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र त्यांची खात्री पटली होती, तसं त्यांनी मॅनेजरना सांगितलंसुद्धा. पटणारच! चोर नाही हे सिद्ध करण्याच्या भरात मी आंधळा आहे हे आईच्या डोक्यावर हात ठेवून सिद्ध केलं होतं, तेही इन्स्पेक्टर म्हणून जपानला जाण्यासाठी!