धुतलेली बंडी

धुऊन, घासून, इस्त्री करून सुधारणार नाही अशी एकही वस्तू या पृथ्वीतलावर नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वेरूळची लेणी यांच्या ताब्यात असती तर दर दिवाळीला त्यांना चुन्याचा हात बसला असता. कचेरीत कारकून होते तेव्हा मे महिन्यात जुन्या फायली गच्चीवर वाळत घालायचे. एकदा वावटळ आली आणि निम्म्या तालुक्याचे सातबारे शेजारच्या शाळेच्या पटांगणात उतरले, तरी मामांचा उत्साह काही ओसरला नाही. कुणीतरी त्यांना निजामाच्या काळातलं तांब्याचं नाणं दिलं, तर मामांनी ते चिंच लावून असं घासलं की दोन्ही बाजूंची अक्षरं गेली. ती कोरी चकती ते आजही अभिमानानं दाखवतात, "बघा, कसं चमकतंय!" आमच्याकडे मुक्कामाला आले तेव्हा पहाटे उठून त्यांनी माझी स्कूटर धुतली. मी खाली जाऊन दहा मिनिटं स्कूटर शोधली आणि तक्रार द्यायला चौकीवर निघालो, तेव्हा मामांनीच माझी तिच्याशी ओळख करून दिली.

त्यांच्या घरात एकाच वस्तूला कधी पाणी लागलं नव्हतं, ती म्हणजे मामांच्या वडिलांची पांढरी बंडी. वडील इंग्रजी लष्कराच्या छावणीत शिंपी. दिवसा गोऱ्या साहेबांच्या पाटलोणी शिवायचे, आणि रात्री निजामाविरुद्धची पत्रकं गावोगाव नेणाऱ्या लोकांच्या बंड्यांना आतून, डाव्या काखेत चोरखिसा लावून द्यायचे. खिसा असा की वरून चाचपलं तरी हाताला लागू नये. एकदा पत्रकं न्यायला माणूस आलाच नाही, तेव्हा ओल्या शाईचे कागद स्वतःच्याच काखेत घालून आणि खांद्यावर साहेबाची पाटलोण टाकून ते नाक्यावरच्या शिपायांसमोरून चालत गेले. घामानं शाई उतरली आणि बंडीवर जांभळा डाग पडला. पुढं मुक्तिसंग्रामातल्या लोकांची नावं लिहून घ्यायला माणसं आली, तर हे म्हणाले, "म्या काय केलं? खिसे शिवले." त्यामुळं त्यांचं नाव कुठंच लागलं नाही. कागद नाही, दाखला नाही, होता तो हा डाग. मामांनी तो मला माझ्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, मांडवात आणून दाखवला होता.

गेल्या वर्षी शहरात वारशाचा महोत्सव भरणार, त्यात जुन्या छावणीचं आणि मुक्तिसंग्रामाचं प्रदर्शन असणार, असं कळलं आणि मामांच्या पायाला भिंगरी लागली. महोत्सवाच्या समितीच्या बाईंनी मामांकडून डागाची गोष्ट ऐकून बंडी घेऊन या म्हणून सांगितलं. त्या दिवशी मामांनी मला सात वेळा फोन केला. "जावईबापू, वडलांचं नाव! काचेच्या पेटीत! शहरात पयल्यांदा!" पैठणपासून गंगापूरपर्यंत एकही नातेवाईक आमंत्रणातून सुटला नाही.

सकाळी मैदानावर पोचलो तर काय थाट! हलगी वाजतेय, हिमरू शाली वाऱ्यावर उडतायत, एका कढईत इम्रती फुलतेय, पलीकडे नान-खलियाचा वास सुटलाय. तंबूत छावणीचे जुने फोटो, साहेबांच्या टोप्या, पत्रकं छापायचं यंत्र. मामा कडक इस्त्रीत आले आणि त्यांनी पुडकं सोडलं. आतली बंडीही कडक इस्त्रीत होती. नीळ दिलेली, खळ घातलेली, पापडासारखी ताठ. मी म्हणालो, "मामा, डाग?"

मामांचा चेहरा उतरला. "डाग सोडून धुयची ठरवलं व्हतं वो. काचेत ठेवायची म्हणल्यावर मळकी कशी न्यावी? पन एकदा हात चालू झाला की..."

बाईंनी बंडी उलटसुलट करून पाहिली. "काका, ही तर नवीच दिसते. एखादा कागद आहे का?" कागद नव्हता. चोरखिसा दाखवला, तर त्या म्हणाल्या, असे खिसे तर पुष्कळांच्या बंड्यांना असतात. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं.

बाहेर इम्रतीवाले चाचा मामांचे छावणीतले जुने शेजारी निघाले. "मामू, इधर टांगो ना. हमारे ठेले की भी शान बढेगी." बंडी ठेल्याच्या बांबूवर चढली. तासभर मामा ठेल्यावरच्या पराती पुसत बसले. मग राहवेना, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून वडिलांची गोष्ट सांगायला लागले. दोघांनी गोष्ट संपेपर्यंत ऐकली आणि मोठ्या मापाची बंडी आहे का म्हणून विचारलं.

दुपारी नातीचा हात धरून एक खूप म्हाताऱ्या आजी इम्रती खात आल्या. मामांनी सुरुवात केली, पण आजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी बंडीच्या डाव्या बाहीतून हात आत घातला आणि त्यांची दोन बोटं थेट चोरखिशात गेली. मला तो खिसा मामांनी दाखवूनही सापडला नव्हता.

"हितंच असायचा," आजी म्हणाल्या. "माज्या बापाच्या बंडीत बी. बाप घरी आला की कागद मीच काढायची. माजीच बोटं बसायची त्यात."

मामा पुढं सरकले. "कोन शिवायचं?"

"छावणीतला शिंपी. नाव कुनी सांगत नव्हतं. सांगायचंच नसायचं."

मामांनी वडिलांचं नाव सांगितलं. आजींनी ते दोनदा, सावकाश म्हणून पाहिलं.

समितीच्या बाई इम्रती घ्यायला मागंच उभ्या होत्या. त्यांनी तिथंच, ठेल्यावर टेकून पेटीत लावायची चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी बंडी काचेत होती, खाली वडिलांचं नाव होतं, आणि मामा प्रदर्शन बंद होईपर्यंत दर पाच मिनिटांनी ती काच रुमालानं पुसत होते. मला इतका आनंद झाला की मीही एकदा पुसली.

महोत्सव संपला, बंडी घरी आली. खिशाच्या तोंडाशी इम्रतीच्या पाकाचे दोन बोटांचे केशरी डाग होते. मामींनी साबण घेतला, तर मामांनी बंडी हिसकावून घेतली. "ऱ्हाऊ दे. पाणी लावू नको." साबण समोर असून या माणसानं जन्मात पहिल्यांदा डाग राहू दिला. मुंग्या येऊ नयेत म्हणून आता कपाटात बंडीभोवती हळदीची रेघ असते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मामा तो डाग दाखवतात, सगळी गोष्ट रंगवून सांगतात, आणि शेवटी बंडीची घडी घालता घालता हळूच म्हणतात, "आजीचं नाव तेवढं इचारायचं ऱ्हायलं बघा."