द्रौपदाबाईंनी काढलेला सूर

खैरपाड्यात कुणी गेलं की पहिला निरोप द्रौपदाबाईंकडे जायचा. न्हावी, सोयरे, बाहेरगावची माणसं, सगळं नंतर. त्या हातातलं काम तिथेच ठेवायच्या, डोक्यावर पदर ओढायच्या आणि त्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन सूर काढायच्या. गेलेलं माणूस कुठून आलं, किती लेकरं वाढवली, कोणत्या शेतात राबलं, काय आवडीने खायचं, सारं त्या रडत रडत ओवीत बांधायच्या. सूर नदीपलीकडे ऐकू जायचा. तो कानावर पडला की शिवारातल्या बायका खुरपं टाकून धावत यायच्या आणि येताक्षणी रडायला बसायच्या. कोण गेलं, हे मागाहून विचारायचं. अशीच रीत होती.

एरवी द्रौपदाबाई मोठ्या हसऱ्या. लग्नात हळदीची गाणी त्यांचीच, कानबाई देवीच्या रात्रीची गाणीही त्यांचीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा वना भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला होता. घरी त्या आणि सून कलाबाई. कलाबाई त्यांच्या गेलेल्या भावाची मुलगी. तिला आई नाही, बाप नाही. लग्नाआधी फुई, म्हणजे आत्या म्हणायची, लग्नानंतरही फुईच म्हणत राहिली.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात गावात कारिन आली. डेन्मार्कची, वय असेल पंचवीसेक. गावात एका संस्थेची बालवाडी होती, तिथे ती बिनपगारी काम करायची. सकाळी लेकरांना झोळीच्या काट्यावर टांगून वजनं करायची, खरजेला औषध लावायची. दुपारी वही आणि टेपरेकॉर्डर घेऊन द्रौपदाबाईंच्या ओट्यावर. तिला इथल्या बायकांची गाणी शिकायची होती. नुसती भरून न्यायची नव्हती, गळ्यात बसवायची होती. आवाज चांगला होता, पण सुरातली मुरकी काही केल्या जमेना. द्रौपदाबाई एकच ओळ चाळीस वेळा म्हणायच्या आणि कधी कंटाळायच्या नाहीत. एकदा तिने विहिणीला शिव्या देण्याचं गाणं मन लावून पाठ केलं आणि ग्रामसेवक मोतीलाल तपासणीला आले तेव्हा स्वागत म्हणून त्यांच्यासमोर म्हटलं. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. मोतीलालभाऊ पुढे महिनाभर त्या गल्लीतून गेले नाहीत.

कलाबाईची दोन पोरं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात अंगावरून जायला लागलं, तेव्हा कारिनने संस्थेची जीप मागवली, तिला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि नऊ दिवस तिच्या खाटेशेजारी फरशीवर झोपली. पोर टिकलं. द्रौपदाबाईंनी त्या दिवशी कानबाईपुढे हात जोडले आणि मनात म्हटलं, या पोरीने काही मागितलं तर मला नाही म्हणवणार नाही.

कारिनने एकच गोष्ट मागितली, तो मरणाचा सूर.

एकदा तिने विचारून पाहिलं होतं. तेव्हा द्रौपदाबाईंनी साफ सांगितलं होतं, "ते गानं नहीं शे, बाई. ते बलावनं शे. कोनले बलावू मी?"

त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यांची मावशी केसरबाई, वयाने पोरच, निंबाखाली चिंध्यांची बाहुली निजवून खेळत होती आणि मोठ्या बायकांसारखा सूर काढून तिच्यावर रडत होती. आजीने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात मारला, पण सूर निघून गेला होता. आठव्या दिवशी केसरबाईचा पाठचा भाऊ विहिरीत सापडला. आजी म्हणायची की हा सूर एकदा निघाला की बारा दिवस शोधत फिरतो आणि रिकाम्या हाताने परतत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या कार्तिकात कारिनचं जायचं ठरलं. त्या आठवड्यात तिने पुन्हा विषय काढला. तिच्याकडे एकशे चौदा गाणी झाली होती, जन्मापासून लग्नापर्यंतची, पण शेवटचं नव्हतं. ती अडखळत म्हणाली, "अक्का, कुणाचं खरं नाव नको. खोटं घ्या."

द्रौपदाबाई दोन दिवस विचार करत होत्या. खोटं नाव म्हणजे कोणतं. ज्याला माणूस नाही असं नाव गावात कुठे असतं. छगन म्हणावं तर दोन छगन, वना तर तोंडातून निघायलाच नको. गेलेल्या नवऱ्याचं घ्यावं असं एकदा मनात आलं. पण पोचवलेल्या माणसाला परत हाक मारली तर तो उंबऱ्याशी येऊन उभा राहतो आणि घरात पोटुशी बाई. नाही म्हणावं तर धुळ्याची ती फरशी डोळ्यांपुढे यायची. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून त्यांनी देवाला दिवा लावला आणि कारिनला सांगितलं की घरात नको, शेतात चल, खळ्यावर.

दुपारचं ऊन होतं. खळ्यावर बाजरीची कणसं मळून झाली होती. कारिनने टेप सुरू केला. द्रौपदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, जमिनीवर तळहात आपटला आणि सूर काढला.

"कथी चालनी वं द्रौपदाबाई, चुल्हा टाकीसन..."

चूल टाकून कुठे चाललीस, असं स्वतःलाच विचारून त्यांनी आठ वर्षांची असताना या गावात आली तिथपासून सुरुवात केली. सासूने पहिल्या दिवशी दिलेली शिळी भाकर, वनाच्या वेळचं बाळंतपण, नवऱ्याचा दमा, भावाच्या पोरीला हाताला धरून आणलं तो दिवस, भुईमुगाच्या शेंगा उकडून खायची हौस. त्या रडत होत्या आणि ते रडणं खरं होतं. आपल्यासाठी आपण एवढं रडू असं त्यांना वाटलं नव्हतं.

शेजारच्या शेतात बेबाबाई कापणीनंतर पडलेला सरवा वेचत होती. तिने सूर ऐकला आणि टोपली टाकून गावाकडे पळाली. द्रौपदाअक्का खळ्यावर रडतेय एवढंच तिला सांगता आलं, आणि तेवढं पुरेसं होतं. थोड्या वेळात दहा-बारा बायका बांधावरून धावत आल्या आणि द्रौपदाबाईंना घेरून, पदर तोंडाला लावून त्याच सुरात मिसळल्या. द्रौपदाबाईंचे डोळे मिटलेले होते. भोवतीचं रडणं वाढलं तसा त्यांचाही आवाज चढला. त्यांना वाटलं आता संपवावं, पण रडणाऱ्या बायका सोडत नाहीत तोवर सूर टाकता येत नाही.

मग कुणीतरी किंचाळलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. बांधावर कलाबाई उभी होती. आठवा महिना भरत आलेला, पाय अनवाणी, केस सुटलेले. दीपनगरहून वनाची वार्ता आली असं समजून ती घरापासून इथवर पळत आली होती.

"वना?" ती म्हणाली आणि खाली बसली.

रडणं थांबलं. टेपची चाकं फिरत होती तेवढीच. भागाबाई पुढे आली. गावातली सुईण ती, अर्धं गाव तिच्याच हातून जन्मलेलं. तिने आधी कलाबाईचं पोट चाचपलं, मग द्रौपदाबाईंकडे वळली.

"कोनं नाव लिधं?"

"मनं."

स्वतःचंच नाव, हे ऐकून भागाबाईने कलाबाईला आपल्याकडे ओढलं. मग एकेक बाई उठली. ज्या मघाशी द्रौपदाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या होत्या त्यांनी चार पावलं मागे सरून पदर झटकले. बेबाबाईने नदीवर अंघोळ करूनच घरी जायचं असं हळूच सांगितलं आणि सगळ्या नदीकडे गेल्या.

कारिनला काय घडलं ते पुरतं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जीप आली. निघण्याआधी तिने कानाला यंत्र लावून टेप ऐकला होता. ती ओट्याशी येऊन म्हणाली, "अक्का, यात तुमचं नाव आहे."

"दुसरं कोनं लेवू?"

कारिन हसली, मग तिचं हसू थांबलं. तिने पाया पडायला हात पुढे केले. द्रौपदाबाईंनी पाय मागे घेतले. जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली.

त्याच संध्याकाळी भागाबाईने घरी येऊन सांगितलं की रडलं गेलंय, तर सूतक धरावं लागेल. बारा दिवस द्रौपदाबाईंनी कलाबाईला शिवायचं नाही, तिच्या चुलीशी जायचं नाही. द्रौपदाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी आपली वाकळ आणि एक तांब्या गोठ्यात नेला. बेबाबाई दारात भाकरी ठेवून जायची, खाली ठेवायची आणि वळायची. वाटेत भेटलेल्या बायका बोलायच्या, पण बोलताना त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. पाणवठ्यावर त्यांच्यासाठी जागा मोकळी व्हायची, जरा जास्तच मोकळी.

त्यांना मरणाची भीती नव्हती. रोज सकाळी उठल्यावर त्या हातपाय हलवून बघायच्या आणि आजही आहोत याचीच धास्ती घ्यायच्या. आपण अजून आहोत, म्हणजे तो सूर अजून फिरतोय. चौथ्या दिवशी गोठ्यातली शेळी मेली. द्रौपदाबाईंना वाटलं, झालं, घेतलं. पण माणसाचं नाव घेतल्यावर शेळीवर भागत असेल का, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला. सातव्या दिवशी त्यांनी एकादशी नसताना उपास धरला.

नवव्या दिवशी सकाळी घरातून कण्हणं ऐकू आलं. दिवस भरायला तीन आठवडे होते. भागाबाई आली, बेबाबाई आली. वनाला तार करायला एक माणूस साक्रीला गेला. द्रौपदाबाई गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. भिंत मातीची, पलीकडचा शब्दन् शब्द कळायचा.

दुपार झाली. भागाबाई बाहेर येऊन हात धुऊ लागली. बैलगाडी जुंपावी तर साक्रीपर्यंतच्या खाचखळग्यांत पोरगी हातची जाईल, असं ती कुणाला तरी सांगत होती. पोर आडवं नव्हतं, सगळं नीट होतं, पण कलाबाई जोरच लावत नव्हती. खळ्यावर ऐकलेला सूर तिच्या कानातून जात नव्हता. ती म्हणत होती की मी जोर लावला तर फुई जाईल. एक येईल तर एक जाईल.

हे ऐकून द्रौपदाबाई उठल्या.

दारात भागाबाई आडवी झाली. "तू नको येऊ, अक्का. तू सोतावर रडेल शे. तुनं सूतक तुनाच आंगवर शे."

द्रौपदाबाई उंबऱ्याच्या अलीकडे थांबल्या. तो सूर आपल्याला शोधतोय, म्हणजे आपण जाऊ तिथे तो येणार, हे त्यांना भागाबाईने सांगायला नको होतं. नऊ दिवस त्या दुसरा विचारच करत नव्हत्या. आत गेलं तर त्याला वाट दाखवल्यासारखं होईल. आणि नाही गेलं तर ही पोर आपल्याला वाचवायला म्हणून अशीच पडून राहील आणि दोघंही जातील.

आतून कलाबाई बोलावत होती. "फुई, मझार ये. मी एकली शे."

द्रौपदाबाईंनी कानबाईला हात जोडले. घ्यायचं असेल तर इथेच, या उंबऱ्यावर घे, आत नको, एवढंच मागितलं. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, खरोखर वाट बघत. काही झालं नाही. मग भागाबाईचा हात बाजूला करून त्या आत गेल्या.

आपली नजर पोरावर पडू नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते. चाचपडत खाटेमागे जाऊन बसल्या, कलाबाईची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि दोन्ही हात तिच्या काखेतून घालून घट्ट धरले.

"देख, मी गरम शे का थंडी?"

"गरम."

"मंग लाव जोर."

पोर आलं तेव्हा उन्हं कलली होती. मुलगा होता. आधी रडलाच नाही. भागाबाईने त्याला उलटा धरून दोन चापट्या मारल्या, तळवे चोळले. मग बारीक आवाज आला, मग मोठा. भागाबाईने नकळत पोर त्यांच्यापुढे धरलं. द्रौपदाबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच मान फिरवली आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर पडल्या.

उरलेले तीन दिवस त्या गोठ्याच्या दारात बसून राहिल्या. वना आला, मुलाला बघितलं, आईला हाका मारल्या. त्या म्हणाल्या, बाराव्यापर्यंत थांब. घरात पोर खोकलं की त्या उभ्या राहायच्या. थांबलं की बसायच्या.

बाराव्या दिवसाची संध्याकाळ झाली. गावात कुणी गेलं नव्हतं. द्रौपदाबाई नदीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ करून आल्या आणि ओल्या लुगड्यानिशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत आल्या होत्या, पण जवळ कुणी आलं नाही. कलाबाईने पोर पुढे केलं. या वेळी त्यांनी घेतलं. बघितलं. आपल्या गेलेल्या भावाचं कपाळ होतं, बाकी अजून काही ठरलेलं नव्हतं.

पोराने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागलं. द्रौपदाबाई ओट्यावर बसल्या, त्याला मांडीवर घेतलं, गाऊन निजवावं म्हणून गळा मोकळा केला. शंभर गाणी होती त्यांच्याकडे. पण ओठांशी पहिला आला तो खळ्यावरचा सूर. त्यांनी तो गिळला. दुसरं गाणं आठवलं, त्याचे शब्द बरोबर आले, चाल मात्र तीच निघू पाहत होती. तिसऱ्या वेळी तर त्यांनी नुसतं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"फुई, गा ना त्याच्यासाठी," कलाबाई आतून म्हणाली.

द्रौपदाबाईंनी मान हलवली. ओठ दाताखाली दाबून धरले आणि पोराच्या पाठीवर थोपटत राहिल्या. पुष्कळ वेळाने ते निजलं. त्यानंतर ते पोर रोज तसंच निजायला शिकलं, नुसत्या थोपटण्यावर. गावात कुणी गेलं तरी निरोप आता द्रौपदाबाईंकडे येत नसे.