गरम भिंत, थंड भिंत

आमचे आतोबा जन्मभर बर्फाच्या कारखान्यात होते आणि आत्या पावाच्या भट्टीवर. दोघं निवृत्त झाली, एकुलती एक खोली रंगवायला काढली आणि तिथंच माशी शिंकली.

"मला गरम रंग हवा," आतोबा म्हणाले. "आयुष्यभर गारठलोय. शेंदरीच पाहिजे."

"आणि मी भाजून निघाले त्याचं काय?" आत्या कडाडली. "निळा द्या, नाहीतर मी चालले माहेरी!"

तिचं माहेर म्हणजे आमचंच घर, त्यामुळे मला मध्ये पडणं भाग होतं. अर्धी खोली शेंदरी, अर्धी निळी असा तोडगा मी काढला. तेवढ्यावरही भागेना, पंख्याच्या रंगावरून पुन्हा जुंपली. पंख्याला पाती तीन, म्हणून तिसरं पातं रंगाऱ्याकडून निम्मंनिम्मं करून घेतलं. बिचारा कपाळावर हात मारून गेला.

आठवड्यानं डोकावलो तर आतोबा कारखान्यातला स्वेटर आणि कानटोपी घालून निळ्या भिंतीशी बसलेले! शेंदरी भिंतीशी आत्या पदरानं घाम पुसत होती.

माझं टाळकंच सटकलं. "मग भांडलात कशाला एवढे?"

"अरे, त्या भिंतीशी करमेना," आतोबा ओशाळून म्हणाले. "इथं कसं, डबा उघडला की दोन घास जातात."

आता दोघं रोज सकाळी डबे घेऊन आपापल्या भिंतीशी जातात. संध्याकाळी खोलीच्या मधोमध भेटतात, आणि आतोबा विचारतात, "दमलीस का गं?"