तोंड बघून केलेला नवरा

“झकास,” असं ती रोज सकाळी आरशाला सांगायची. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात दाराशी खिळ्याला एक आरसा टांगलेला होता. बाकीच्या बायका त्यात कुंकू नीट आहे का बघून पुढे जायच्या. ही उजवीकडून बघायची, डावीकडून बघायची, मान वर करून बघायची, आणि मगच ओढणी कमरेला बांधून कामाला बसायची.

आता तुम्ही म्हणाल, दिसायला चांगली असेल. तसं काही नव्हतं. रंग काळा, पुढचे दात ओठांबाहेर आलेले, कपाळ एवढंसं. तुमच्यामाझ्यासारखीच, थोडी डावीच म्हणा ना. पण स्वतःच्या तोंडावर खूश असलेली आमच्यात ती एकटीच होती.

तिच्याकडे आखणीचं काम होतं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. बुबुळ जरा सरकलं की देव तिरळा दिसतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. दिवसभर तोंडं न्याहाळायची ही सवय माणसांच्या बाबतीतही सुटत नसे.

तिला स्थळं यायची ती जिते गावी, तिच्या घरी. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. मुलगा कसाही असो, कामाला असला की आयांना पुरे व्हायचं. हिनं मात्र नागोठण्याच्या एकाला नाकारलं, का, तर त्याला हनुवटीच नव्हती. खांब गावच्या दुकानदाराला नाकारलं, कारण तो हसताना डोळे मिटून घ्यायचा. शेवटी आई रडायला आली.

“आरशात बघ गो जरा,” आई म्हणाली.

“रोज बघतेय, आये. म्हणून तर ‘नाय’ बोलतेय.”

हे तिनंच मला हसत सांगितलं. मी हसले, पण आतून मला तिचा हेवा वाटला. मला बघायला आले तेव्हा मी सगळा वेळ जमिनीकडे बघत होते. मी स्वतःला साधी समजत होते, म्हणून नवरा कसा दिसतो हे बघायचा आपल्याला हक्क आहे असं कधी मनातच आलं नाही. माझा नवरा चांगला निघाला, ती गोष्ट वेगळी.

मग एका पावसाळ्यात सकाळी सकाळी रोह्याहून एकजण घरचा गणपती ठरवायला आला. धाटावला कंपनीत कामाला होता. लहानपणी देवी आलेल्या, त्यामुळे सगळा चेहरा व्रणांनी भरलेला. दारातच बराच वेळ उभा राहिला. मग आत येऊन रांगेतल्या मूर्तींकडे बघत त्यानं विचारलं, “हे डोळे कोणी काढले?”

“मी. का?” ती म्हणाली.

“रागावलेले नायत. बरं वाटतं.” एवढं बोलून मूर्ती ठरवून तो गेला.

दुपारी डबा उघडताना ती मला म्हणाली, “वैनी, ह्यालाच करायचा.”

“अगं, तोंड बघितलंस का त्याचं?”

“बघितलं ना. डोळे जागच्या जागी हायत, नाक सरळ हाय. घासकाम तेवढं राहिलंय.”

मूर्ती साच्यातून निघाली की पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करतात, ते घासकाम. मला हसून हसून ठसका लागला.

कारखान्याच्या मालकांनी त्याच्याकडे लग्नाचा निरोप धाडला. उत्तर आलं, “मुलगी फार देखणी हाय. माझ्याजोगी नाय.”

आमच्याकडे नकार द्यायचा तर पत्रिका जुळत नाही म्हणतात आणि विषय मिटतो. हे असलं उत्तर कोणी ऐकलं नव्हतं. मालक संतापले, पोरीची थट्टा केली म्हणाले. मलाही तसंच वाटलं आणि फार वाईट वाटलं.

ती शांत होती. “थट्टा असंल तर त्याच्या तोंडून ऐकीन. नसंल तर त्याला सोडीत नाय.”

मुलगी मुलगा बघायला जाते का, म्हणून तिची आई यायला तयार होईना. तेव्हा मी निघाले. एसटीनं आम्ही दोघी रोह्याला त्याच्या घरी गेलो. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. पोहे त्यानंच आणून दिले आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

हिनं बशीला हातही लावला नाही. “तुमी माझी थट्टा केलीत काय?”

तो दचकला. “थट्टा कशाला करीन? मी दारात होतो, तुमी आरशात बघत होता. झकास बोललात. मला पण तसंच वाटलं.” मग खाली बघत म्हणाला, “आमच्या घरात आरसा नाय. दाढी मी चाचपून करतो.”

“वर बघा,” ती म्हणाली. त्यानं मान वर केली. मूर्ती बघावी तसं तिनं त्याला नीट बघितलं. “मला आवडलात. आता तुमचं बोला.”

“लोक हसतील.”

“लोकांना थोडंच तुमच्याशी लगीन करायचंय.”

म्हातारी खुदकन हसली. मग तो हो म्हणाला.

लग्नानंतर ती रोह्याला गेली. सणावाराला भेटायची, तोंडभरून नवऱ्याचं कौतुक करायची. काही वर्षांनी कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. मूलबाळ नव्हतं. तिच्याआधी माझा नंबर लागायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

पुढच्या वर्षी मी त्या घरी गेले, तेव्हा म्हातारीनं एक फोटो माझ्या हातात ठेवला. “स्थळ आलंय. तुमी सांगा त्याला.” मुलगी गोरी होती, नाकीडोळी नीटस होती.

त्यानं फोटो उजेडात धरून अगदी सावकाश बघितला. आता हा म्हणणार, मला कोण करून घेणार, असं मला वाटलं. समजूत काढायला मी तोंड उघडलंच होतं.

“पोरगी बरी हाय,” तो म्हणाला. “पण वैनी, मी दिसायला चांगला हाय. मला कोणी पण नाय चालायची.”

फोटो आईकडे देऊन तो शिफ्टला निघून गेला.