सिक रिपोर्ट

आमची पोस्ट पंधरा हजार फुटांवर होती. मी हवालदार, गाव डोळखांब. माझ्या सेक्शनमधला लान्स नाईक जयराम मुरबाडकडचा. सकाळी पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, सातला चहा, नऊला पेट्रोल, म्हणजे गस्त. उरलेल्या वेळात बर्फ वितळवून पाणी करायचं. तिथं शौर्यापेक्षा रॉकेल जास्त लागतं.

त्या दिवशी साडेआठला जयराम डोकं धरून बसला होता. रात्रभर खोकत होता.

"सिक रिपोर्ट कर," मी म्हटलं.

"नको दादा. लो मेडिकल कॅटेगरीचा शिक्का लागला तर नोकरीला एक्स्टेंशन नाय मिळायचं. पोरी शाळेत हायेत. दोन वर्सं अजून काढू दे."

हे आमच्यातलं जुनं खूळ. दुखणं डॉक्टरपासूनच लपवायचं. मीही लपवलेलं. त्यात माणसं कमी. मी म्हटलं, "बरं, चल."

अकराला तो चढणीवर खाली बसला, तो उठलाच नाही. मी वायरलेस सेटवर ओरडलो, "एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वेदर खराब. थांबा. ओव्हर."

दोन वाजून वीस मिनिटांनी जयराम गेला. माझ्या मांडीवर.

त्याच्या मृत्यूच्या चौकशीला कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तिच्या आधी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुझं प्रमोशन आलंय. सांग, की तो आजारी आहे हे तुला माहीत नव्हतं."

म्हणजे सगळा दोष मेलेल्या माणसावर. आणि ड्युटीवर गेलेल्याच्या बायकोला जी पेन्शन मिळते, ती अडकणार. मी म्हटलं, "जमणार नाही, साहेब."

आत जाऊन सांगितलं, "तो आजारी होता. मला माहीत होतं. तरी ड्युटीवर मीच नेला." प्रमोशन गेलं. गेलं खड्ड्यात! वहिनींची पेन्शन लागली.

रिटायर होऊन आलो तो आधी मुरबाडला गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, आमच्यापायी लपवलं का त्यांनी?"

"नाय वहिनी. तो आजारी पडला तर तुमचं कोन बघनार, हे त्याला कुनी सांगितलंच नाय. म्हणून लपवलं."

त्या रडल्या. मीही रडलो.

आमच्या ग्रामसभेत एखादा म्हणतोच, "फौजेवर केवढा खर्च! इथं दवाखान्यात डॉक्टर नाय." डॉक्टर हवाच, त्यासाठी मीही भांडतो. पण जवान आजारी पडला तर त्याचं घर बघायची हमी काढून तो आणू नका. बंदुका वाटेल तेवढ्या घ्या. त्या धरणारा आजार लपवत असेल तर त्या काय कामाच्या? हे सांगायला मी उभा राहतो, आणि बोलायच्या आधी जयरामचं नाव घेतो.