कडी आतून

परवा महाडला गाडीचा बंपर दुरुस्तीला दिला. तिथे ओल्या फायबरचा उग्र वास आला आणि मी मनाने थेट कॉलेजच्या सौर गाडीत जाऊन पडले.

स्पर्धेसाठी ती आम्ही चौघांनी फायबरची बांधली होती. मी हलकी, म्हणून चालवायला मी. मी आत आडवी झाले की मुलं वरचं झाकण बाहेरून नटांनी आवळत. बिरवाडीच्या रस्त्यावर चाचणी चालू असताना मुलांचा मागून येणारा टेंपो पंक्चर होऊन राहिला, ते मला कळलंच नाही. पुढे वायर जळाली आणि गाडी भर उन्हात थांबली. आत धुराचा वास, हात घामाने निसरडे, झाकण हलेना. ओरडले, तर माझाच आवाज कानांवर आदळला.

शेतातून एक बाई धावत आली. तिच्या हातांनीही नट निघेनात.

“घाबरू नको गो, मी हाय हितंच,” ती म्हणाली. तिने झाकणाच्या काचेवर पदर धरला आणि तशीच वाकून उभी राहिली.

शेवटी टेंपोतल्या मुलांपैकी संदीप पाना घेऊन आला. झाकण उघडताच त्याने विचारलं, “मोटर गेली काय?”

“आधी पोरीला पानी दे रे,” बाई म्हणाली.

तेव्हा मला रडायचीही लाज वाटली. आज माझी लेक त्या वयाची आहे, आणि मला त्या बाईची उन्हातली पाठ आठवते.

त्या दिवशी संध्याकाळी मी संदीपला म्हटलं, “कडी आतून बसवा.”

“वजन वाढेल.”

“वाढू दे. नाहीतर चालवायला दुसरी शोधा.”

स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो. झाकण मात्र मी माझ्या हाताने उघडलं.