फाटकाआड गेलेली विहीर

विहिरींशिवाय कोणाशी गोडीत बोलणं सिप्रियनला जमत नाही, असं त्याची बायकोच सांगायची. नोकरीही त्याला तशीच मिळाली. भूजलाच्या सरकारी खात्यात तो विहिरींची पाणीपातळी मोजायचा. माणिकपूरहून स्कूटर काढायची, ठरलेल्या विहिरीवर जायचं, पोलादी टेपच्या टोकाला खडू फासून ती आत सोडायची आणि खडू जिथवर भिजला, तिथून पाण्याची खोली काढायची. वर्षानुवर्षं त्याच विहिरी, कठड्यावरच्या त्याच खुणा. बघणाऱ्याला हा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. सिप्रियन म्हणायचा, वसईच्या जमिनीखाली काय चाललंय ते कळायची दुसरी सोय असेल तर दाखवा, मी उद्या घरी बसतो.

गास गावची विहीर त्याच्या खास मर्जीतली. ती गावातल्या रोझमेरी मावशीच्या सासऱ्यांनी वाडीच्या मधोमध बांधलेली. मावशीच्या दिरांनी वाडी बिल्डरला विकली, तेव्हा विहिरीची वाट मोकळी ठेवायचं तोंडी ठरलं होतं. तोंडी ठरलेलं हवेत गेलं. इमारतींचं काम निघालं, पत्र्याचं कुंपण पडलं, फाटक बसलं, फाटकावर वॉचमन आला. विहीर आत आणि सिप्रियन बाहेर.

जानेवारीत वॉचमन म्हणाला, शेटला विचारून या. शेट वालीवला बसतात. वालीवला गेलं की शेट साइटवर. मार्चमध्ये सिप्रियनने खात्याचं पत्र नेलं. वॉचमनने ते उलटसुलट करून परत दिलं आणि आत स्लॅब चालू आहे, डोक्यात वीट पडेल, असं काळजीने सांगितलं. सिप्रियन इतका ओरडला की समोरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. फाटक मात्र तसूभर हललं नाही.

कार्यालयात साहेब थंडपणे म्हणाले, भांडत कशाला बसता? मे महिन्याचं मोजमापही हुकलं तर ही विहीर यादीतून काढू, रस्त्याकडेची दुसरी धरू. सिप्रियनच्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या विहिरीला मागचं काय ठाऊक? टँकर आले, इमारती आल्या, तेव्हापासून गासचं पाणी किती उतरलं हे ती जुनीच सांगणार. तिला काढलं की बिल्डर मोकळा आणि खातंही मोकळं.

मे महिना संपत आला तसा तो पुन्हा फाटकावर जाऊन उभा राहिला. पुन्हा तेच, शेट नाहीत. उन्हात घाम पुसत तो मनातल्या मनात शिव्या देत होता, तोच रस्त्याने बँड वाजत आला. मावशीची नात लुसी, तिचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. नवरीच्या आंघोळीचं पाणी आदल्या दिवशी या विहिरीवरून वाजतगाजत न्यायची त्या घराण्याची चाल. पुढे घागर घेऊन मावशी, मागे लाल लुगड्यांतल्या बायका. वॉचमनने एकवार बँडकडे पाहिलं, एकवार मावशीकडे, आणि निमूटपणे फाटक उघडलं. सरकारी शिक्क्याची ही किंमत बघून सिप्रियनला हसावं की रडावं कळेना. स्कूटर तिथेच टाकून तो बायकांच्या घोळक्यातून आत घुसला.

आत बघतो तर विहिरीत पंप सोडलेला आणि तो धडधडतोय. काँक्रीटला पाणी तिथूनच चाललं होतं. सिप्रियनने कपाळाला हात लावला. पंप चालू असताना घेतलेलं मोजमाप खातं धरत नाही, पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावं लागतं. मुकादम म्हणाला, पंप बंद होणार नाही, माल सुकेल. सिप्रियनचा आवाज चढला, तशी मावशीने काय अडलंय ते त्याच्याकडून नीट समजून घेतलं. मग ती मुकादमाकडे वळली.

"पंप बंद कर. नवरीचं पानी हाय. मशीनचं उष्टं आमी नेनार नाय."

एवढं बोलून ती कठड्यावर बसली. बायका भोवती बसल्या, बँडवाल्यांना वाजवत राहायला सांगितलं. लग्नाच्या वऱ्हाडाला हाकलणार कोण? थोडा वेळ हातवारे करून मुकादमाने पंप बंद केला. उन्हं कलेपर्यंत सगळे तिथेच बसून राहिले, आणि मावशीने आधी सिप्रियनला टेप सोडू दिली.

पहिल्यांदा खडू कोरडाच वर आला. त्याने टेप आणखी सोडली, आणखी सोडली. इतकं खोल पाणी या विहिरीत त्याने कधी पाहिलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या क्षणी त्याला जिंकल्यासारखं वाटलं. आता काढा म्हणावं यादीतून.

मग घागर खाली गेली. ती वर आल्यावर मावशीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि बाजूला थुंकलं. बँड आपोआप थांबला. तिने सिप्रियनच्या हातावर पाणी ओतलं. त्याने चाखलं. खारट. उपसून उपसून गोडं पाणी संपवलं होतं आणि खाडीचं आत आलं होतं.

"पोरीला ह्या पान्यानं न्हानू?" मावशीने विचारलं.

सिप्रियनने हातातला कागद पाहिला. त्यावर फक्त खोली लिहायला जागा होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

उत्तरासाठी मावशी थांबली नाही. रिकाम्या घागरीने घरी जायचं नसतं, म्हणून तिने तीच घागर डोक्यावर घेतली आणि बँडला वाजवायला सांगितलं. सिप्रियन सगळ्यांच्या मागून चालला. वऱ्हाड रस्त्याला लागेपर्यंत फाटक लागलं होतं आणि आत पंप पुन्हा सुरू झाला होता.